केसपेपरवर एकच नाव

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



हृदयाचा स्नायू जाड झालेला माणूस बऱ्याचदा दुसरंच काही शोधताना सापडतो. तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला असतो आणि भूलतज्ज्ञ 'फिटनेस' मागतात. किंवा विम्याच्या तपासणीत ईसीजी वेडावाकडा निघतो. कधी बाळंतपणाआधी एखाद्या डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्त वेळ ठेवतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते. मग टू-डी एको होतो. रिपोर्टात ओळ येते, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १९ मिलिमीटर. निरोगी माणसात ती साधारण ११-१२ मिलिमीटरच्या आत असते. १५ किंवा त्याहून जास्त भरली आणि रक्तदाब, झडपेचा दोष असं दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर निदान लिहितात, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. रुग्ण एवढं लांब नाव उच्चारत नाहीत. ते 'एचसीएम' म्हणतात, नाहीतर सरळ 'हार्टचा मसल जाड झालाय' म्हणतात.

त्यानंतरचे प्रश्न सगळीकडे सारखेच. विडी नाही, दारू नाही, मग हे आलं कुठून? ब्लॉकेज आहे का? किती वर्षं मिळतील? जिना चढू की नको? आणि उठता उठता, दाराशी थांबून विचारलेला एक प्रश्न: मुलगी शाळेत कबड्डी खेळते, तिला काही नाही ना होणार? बाहेर रांग असते. डॉक्टर गोळी लिहितात, 'जड उचलू नका, टेन्शन घेऊ नका' सांगतात, पुढचा रुग्ण आत येतो. दाराशी विचारलेला प्रश्न हाच या आजारातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि नेमका तोच केसपेपरवर लिहिला जात नाही. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

या आजाराचा इतिहास शवागारात सुरू होतो. १९५८ साली लंडनचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डोनाल्ड टीअर यांनी आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. बहुतेक जण अचानक गेलेले. हृदयाचे डावे-उजवे कप्पे वेगळे करणारा पडदा एका बाजूने बेढब सुजलेला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू ओळीत नसून अस्ताव्यस्त पडलेले. (पुढे १९७० मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं शवविच्छेदनही याच टीअर यांनी केलं, पण वैद्यकशास्त्राने त्यांची आठवण ठेवली ती या आठ हृदयांसाठी.) टीअर तिथे थांबले नाहीत, हे अधिक महत्त्वाचं. दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या एका अख्ख्या कुटुंबाचा अभ्यास छापला. १९६१ मध्ये मॉन्ट्रियलचे डॉ. पीटर पारे यांनी क्वेबेकमधल्या एका मोठ्या घराण्याच्या अनेक पिढ्यांची नोंद प्रसिद्ध केली. कोणत्या काकाला होता, कोणत्या आत्याला नव्हता, असं सगळं. त्याच घराण्याच्या रक्तातून १९९० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना या आजाराचा पहिला जनुकीय दोष सापडला. तो हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावणाऱ्या मायोसिन या प्रथिनाच्या जनुकात होता.

थोडक्यात, आजार घराण्यात उतरतो हे साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. जनुकीय दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. दोष असूनही भिंत जाड न होणारे असतात, साठीत जाड होणारे असतात, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी, उंची झपाट्याने वाढताना, जाड होणारेही असतात. म्हणूनच दहाव्या वर्षी केलेला एको स्वच्छ आला म्हणजे विषय संपला, असं इथे होत नाही. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि एको करायचा, वाढत्या वयात तो दर एक-दोन वर्षांनी आणि मोठेपणी तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करायचा, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मेन कून जातीच्या मांजरांतही हा आजार होतो. २००५ मध्ये त्यांच्यातला जनुकीय दोष सापडल्यापासून ती मांजरं पाळणारे जोडी लावण्याआधी वंशावळ बघून चाचणी करतात. मांजराच्या वंशावळीची एवढी काळजी घेतली जाते, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीवर केसपेपर निघतो तो एका माणसाच्या नावाने. त्याच्या भावाला बोलावणं कुणाचंच काम नसतं.

हा आजार दुर्मीळ म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात २३ ते ३५ वयाच्या ४,१११ जणांचा एको तपासला, तेव्हा पाचशेत एक असं प्रमाण निघालं. नंतर एमआरआय आणि जनुकीय चाचण्या जमेस धरून काहींनी ते दोनशेत एकापर्यंत नेलं आहे. जुना, सावध आकडाच धरला तरी २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रात सव्वादोन लाख माणसं होतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही कळणारही नाही आणि काही होणारही नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

उरलेल्यांचं निदान चुकतं, आणि चुकीच्या निदानामागून चुकीची गोळी येते. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची, हे आता गावातल्या किराणा दुकानदारालाही पाठ आहे. साध्या हृदयविकारात ते बरोबरच. पण जाड झालेला पडदा जेव्हा रक्ताच्या बाहेर जाण्याच्या वाटेवरच फुगतो, तेव्हा मायट्रल झडपेचं पानही त्याच्याकडे ओढलं जातं आणि वाट आणखी चिंचोळी होते. कप्प्यात रक्त कमी असेल तेवढा हा अडथळा वाढतो. सॉर्बिट्रेटने रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, अडथळा वाढतो, दाब कोसळतो. ज्या गोळीने बरं वाटायचं तिनेच माणूस चक्कर येऊन पडतो. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्याही अशा रुग्णाला त्रास देऊ शकतात. अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच. त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याला किंवा निर्जळी उपवास धरणाऱ्या बाईला या आजाराबद्दल जे सांगायला हवं, ते परदेशी माहितीपत्रकात मिळणार नाही. भरपेट जेवणानंतर लगेच चालताना धाप लागते, ही तक्रारही डॉक्टर 'ॲसिडिटी' म्हणून उडवून लावतात. खरं तर ती या आजाराची ओळखीची खूण आहे.

दुसरी फसगत अँजिओग्राफीची. या रुग्णांपैकी बहुतेकांचा ईसीजी बिघडलेला असतो. हृदयाचं टोक जाड होण्याचा एक प्रकार आहे, त्याचं वर्णन प्रथम जपानी डॉक्टरांनी केलं. त्यात ईसीजीवरच्या टी-लहरी खोल उलट्या होतात आणि पाहणाऱ्याला हार्ट अटॅक वाटतो. घाईघाईने अँजिओग्राफी होते. ती स्वच्छ निघते. 'काही नाही, गॅसेस आहेत' म्हणून घरी पाठवलं जातं. घरचे पेढे वाटतात. छातीतलं दुखणं मात्र तिथेच राहतं.

यातलं बरंच काही फुकटात टळू शकतं. स्टेथोस्कोप लावून रुग्णाला उकिडवं बसवायचं आणि मग उभं करायचं. वाट अडलेली असेल तर उभं राहताच हृदयातला फुरफुर आवाज मोठा होतो, खाली बसल्यावर मंदावतो. हे एमबीबीएसच्या पुस्तकात आहे आणि उकिडवं बसणं महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. एकोतही निजवून, शांत श्वासात माप घेऊन थांबलं तर अडथळा निसटतो. साधारण एक-तृतीयांश रुग्णांत तो नुसत्या विश्रांतीत दिसतो, आणखी एक-तृतीयांशांत नाक दाबून कुंथायला लावल्यावर किंवा चालवल्यावरच उघड होतो. 'कुंथवून माप घेतलं का', ही एका रकान्याची नोंद सरकारी एको रिपोर्टात छापली तर बरंच काम होईल.

आता रुग्णाच्या 'किती वर्षं?' या प्रश्नाकडे. इंटरनेटवर 'जाड हृदय' शोधलं की मैदानात कोसळलेल्या खेळाडूंचे फोटो येतात. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या ल्योन शहरात कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए २८ व्या वर्षी कोसळला. शवविच्छेदनात हाच आजार निघाला. असे फोटो रात्री दोन वाजता मोबाइलवर बघणाऱ्याला कुणी सांगत नाही की, नीट देखरेखीखाली असलेल्या रुग्णांत या आजाराने होणारे मृत्यू आज वर्षाला दोनशेत एकाच्या आसपास आहेत आणि अनेकांचं आयुष्य इतरांइतकंच लांब असतं. धोका कुणाला जास्त, हे ठरवता येतं. कारणाशिवाय आलेली बेशुद्धी, भिंत ३० मिलिमीटरपर्यंत जाणं, घरात तरुण वयातला अचानक मृत्यू, दिवसभर ईसीजी टिपणाऱ्या होल्टरवर दिसलेले धोकादायक ठोके, एमआरआयमधले व्रण. हे बघून छातीत आयसीडी बसवायचं की नाही, हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. ठोका बिघडला की हे यंत्र आतूनच शॉक देतं. व्यायामाबद्दलचा सल्लाही बदलला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६६० जणांच्या अभ्यासात जोरकस व्यायाम करणाऱ्यांत बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त दुर्घटना घडल्या नाहीत. याचा अर्थ प्रत्येकाने मॅरेथॉन पळावी असा नाही. पण सरसकट सगळ्यांना खाटेवर बसवणारा सल्ला आता जुना झाला आहे, आणि त्यामुळे वजन आणि रक्तदाब वाढून बिघडलेल्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.

उपचार आहेत. ठोक्यांची गती उतरवणाऱ्या स्वस्त गोळ्या आहेत. जाड पडद्याचा तुकडा कापून काढणारी शस्त्रक्रिया अमेरिकेतले अँड्र्यू मॉरो यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. मॉरो यांना स्वतःलाच हा आजार होता आणि १९८२ मध्ये त्यांचा मृत्यू त्यानेच झाला. १९९४ मध्ये लंडनमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी नळीवाटे अल्कोहोल सोडून तेवढाच स्नायू मारण्याचा मार्ग काढला. २०२२ मध्ये अमेरिकेने मावाकॅम्टेन हे या आजाराच्या मुळाशी जाणारं पहिलं औषध मान्य केलं. त्याची तिथली किंमत होती वर्षाला ८९,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तर लाखांच्या घरात. त्यावर अधिक बोलून उपयोग नाही.

बोलायचं आहे ते घराबद्दल. कुटुंबाला तपासायला आणा म्हटलं की घरात शांतता पसरते. मुलीचं स्थळ बघणं चालू असतं. पत्रिकेत मंगळ निघाला तर त्यावर उपाय सांगणारे असतात, एकोत १७ मिलिमीटर निघाले तर नसतात. मग तपासणीच नको. विम्याची भीती वेगळी, आणि ती काल्पनिक नाही. दिल्लीतल्या एका विमाधारकाचा दावा, त्याचा आजार जनुकीय आहे एवढ्याच कारणावरून कंपनीने नाकारला होता, आणि तो आजार नेमका हाच होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजारांना सरसकट वगळणारं कलम भेदभाव करणारं ठरवलं. पाठोपाठ मार्चमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना त्या आधारावर दावे नाकारू नका असं कळवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा सगळा इतिहास एचसीएमच्या रुग्णाने घडवला, पण एचसीएमच्या रुग्णांनाच तो ठाऊक नाही. आपल्या खात्याच्या पत्रकात यावर दोन ओळी आल्या तर भाऊ-बहीण तपासणीला येण्याची शक्यता वाढेल.

आपल्याकडच्या माणसांसाठी जनुकांचा मुद्दा परका नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या कुमारस्वामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की, हृदयस्नायूच्या एका जनुकातून २५ अक्षरं गळालेला बदल भारतीय उपखंडात शंभरातल्या साधारण चौघांत असतो आणि हृदय कमकुवत होण्याशी त्याचा संबंध आहे. हे वाचून घाबरण्याचं कारण नाही. तो बदल असलेल्या बहुसंख्यांचं आयुष्य सुरळीत जातं. नुसत्या त्या एकाच बदलाने किती बिघडतं यावर पुढे संशोधकांत मतभेदही झाले. पण ज्या देशात एवढं संशोधन झालं, त्या देशातल्या जिल्हा रुग्णालयात 'तुमच्या घरात पन्नाशीच्या आत कुणी झोपेत किंवा चालता-बोलता गेलं का?' हे विचारलं जाऊ नये, ही विसंगती आहे.

हा प्रश्न विचारायची जागा आपल्या हाताशी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच झाली. त्याची पथकं शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा जातात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. ज्या आजारांसाठी तपासतात त्यांत जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताच्या तापाने झडपा खराब होणंही आहे. एचसीएम नाही. प्रत्येक मुलाचा ईसीजी काढा, अशी मागणी इथे नाही. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची सक्तीने तपासणी केली, आणि व्हेनेटो प्रांतात त्यांच्यातले अचानक मृत्यू लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आले. पण त्यामागे त्यांची सगळी क्रीडावैद्यक यंत्रणा होती, आणि अमेरिकी तज्ज्ञांना ती वाट अजून पटलेली नाही. महाराष्ट्रात पथकाने दोन प्रश्न विचारले तरी पुरे. खेळताना कधी शुद्ध गेली का, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर एको. पोलिस भरतीत १,६०० मीटर धावायला लावण्याआधी हेच दोन प्रश्न अर्जात छापता येतील. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत धावताना उमेदवार दगावले, तेव्हा चर्चा उकाड्याची आणि पाण्याची झाली. ती योग्यच होती, आणि त्या मुलांना हा आजार होता असं इथे सुचवायचं नाही. पण त्यांच्या धाकट्या भावांना कुणी काही तपासायला सांगितलं का, हे विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे.

कारण असा मृत्यू झाला की 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि अहवालात बऱ्याचदा 'व्हिसेरा राखून ठेवला' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच येतं. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. टीअर यांनी केलं ते करायला सूक्ष्मदर्शक आणि पडद्याचे दोन तुकडे पुरतात. चाळिशीच्या आत विनाकारण गेलेल्या माणसाचं हृदय मोजावं, त्याचा नमुना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात जावा, आणि निष्कर्ष पोलिसांच्या फायलीत न थांबता घरच्यांपर्यंत एका पत्राने पोहोचावा. त्या पत्रात एक वाक्य हवं: आपल्या भावंडांनी आणि मुलांनी अमुक रुग्णालयात एको करून घ्यावा, त्यासाठी पैसे लागणार नाहीत.

जिवंत रुग्णासाठीही तसंच. ज्याच्या एकोत भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त निघेल, त्याच्या केसपेपरमागे एक पान जोडावं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं. नावापुढे तारीख आणि एकोचं माप. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दुपार या कुटुंबांसाठी राखावी, म्हणजे दाराशी विचारलेल्या प्रश्नाला खुर्चीत बसून उत्तर मिळेल. अमेरिकेत लिसा सालबर्ग या रुग्ण बाईंनी १९९६ मध्ये असं काम करणारी संघटना स्वतः उभी केली, बहीण गेल्यानंतर. इथे कुणाची बहीण जाईपर्यंत थांबायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पडदा कापण्याची शस्त्रक्रिया, अल्कोहोलचा उपचार आणि आयसीडी कोणत्या अटींवर मिळतात, हे मराठीत, एका पानावर, तालुक्याच्या आरोग्यमित्राकडे असावं. काही लाखांच्या यंत्राचा निर्णय घेताना जमीन विकायची की नाही, हे घरच्यांना त्याच दिवशी कळायला हवं.

अडचण आपल्याला ठाऊकच आहे. जिल्हा रुग्णालय आपल्याकडे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, केईएम रुग्णालय मुंबई महापालिकेकडे, पंचनामा गृहखात्याकडे. रुग्ण मात्र एकच, आणि त्याचं घरही एकच. त्यामुळे परिपत्रक आपल्या सहीने निघालं, तरी त्याच्या प्रती बाकी तिघांकडेही जाव्या लागतील. म्हणून या पत्राच्याही गेल्या आहेत.

कळावे.

एक नागरिक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी:
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका